आंबिलीचा डबा

लातूर, १९ एप्रिल १९८३

ती. सौ. नीलम्मा अक्कास,

धाकट्या वीरभद्राचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींनाही सांग. कंधारला विहिरीत पाणी किती उरलं ते कळव. इथे टँकर आला तरी भांडण, न आला तरी भांडण.

काम पुष्कळ आहे. जिल्हा नवा झाला, पण पाट्यांवर अजून 'जिल्हा उस्मानाबाद' आहे. ते खरवडून 'जिल्हा लातूर' लिहायचं. औशाच्या रस्त्यावरच्या पाट्या अनंतराव पेंटरांनी माझ्याकडे दिल्या आहेत. ते स्वतः 'लातुर' असं ऱ्हस्व काढतात. मी नंतर गुपचूप दीर्घ करतो.

तू दाजींबरोबर पाठवलेला आंबिलीच्या पिठाचा डबा पोचला. त्याबद्दल पुढे लिहितो.

माझी तब्येत बरी आहे.

हे सवयीने लिहिलं गेलं. खोडाखोड मला आवडत नाही म्हणून राहू देतो, पण ते खरं नाही. हे पत्र मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. मागच्या आठवड्यात शिडीवरून पडलो. 'जिल्हा' लिहून झालं होतं, 'ला' काढत होतो. दरदरून घाम आला, पाटी दिसेनाशी झाली, पुढचं आठवत नाही. अनंतरावांनी तोंडात साखर कोंबली म्हणून आज लिहितो आहे. खांद्याला मार लागला, उजवा हात वाचला. इथले डॉक्टर म्हणाले, इन्सुलिनचा एवढा मोठा डोस तुला ठरवला कुणी? मी म्हणालो, नांदेडच्या डॉक्टरांनी.

खरंच त्यांनी ठरवला का, अक्का?

आता डब्याचं. पडल्यानंतर खोलीवर आलो तर तोवर न उघडलेल्या डब्याला मुंग्यांची रांग. ज्वारीच्या पिठाला मुंग्या अशा धावत नाहीत. चिमूटभर पीठ पाण्यात कालवलं, लघवीतली साखर तपासायच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात ते पाणी टाकून नळी स्टोव्हवर धरली. मी रंगातला माणूस आहे. निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, आणि मग विटकरी. तुझ्या घरी रोज सकाळी माझ्या नळीत यायचा, तोच विटकरी.

मधुमेह निघाल्यापासून मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला. कुणाच्या दारात गूळपाणी पुढे आलं की पाणी पिऊन गूळ परत करायचो. तुझ्या शेजारच्या सरजाबाई म्हणायच्या, "ह्याच्या लग्नात काय खारे दाणे वाटायचे हायत का?" मी ते हसण्यावारी नेलं. सुया सुरू झाल्यावर हाताला कापरं भरायला लागलं, की तू आंबिलीची वाटी आणायचीस आणि थोड्या वेळात कापरं जायचं. मला वाटायचं, ज्वारीचा गुण. आंबटाखाली गूळ किती लपतो याचा अंदाज तुला बरोबर होता.

नांदेडला डॉक्टर सगळ्यांच्या देखत म्हणाले, हा चोरून खातो. मी गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन शपथ घेतली. तू शेजारी उभी होतीस. पदर सारखा करत होतीस. डॉक्टरांनी डोस वाढवला तो तुझ्या गुळासाठी, माझ्यासाठी नाही. मी लातूरला आलो, गूळ मागे राहिला, डोस बरोबर आला. म्हणून मी पडलो. पडल्याचा मला राग नाही. शपथेचा आहे. माझ्या तोंडून तू लिंगावर खोटं वदवलंस.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर माझे हात असेच कापायचे, आणि तू स्वतःच्या गालातला गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात घालायचीस. "कापरं म्हंजे भूक. दुसरं काय न्हाई." तेव्हा ते खरं होतं

वरच्या चार ओळींची शिरोरेषा वाकडी आहे, शेवटचा पूर्णविरामही राहिला. लिहिता लिहिता कापरं भरलं. डॉक्टरांनी ते बघायलाच आज इथे बसवून ठेवलं होतं. त्यांनी नाडी बघितली, रक्त घेतलं आणि म्हणाले, घाम नाही, शुद्धीत आहेस, खाऊ नकोस, बस. जीव जातो आहे असं वाटत होतं. खिशातली खडीसाखर मुठीत धरून बसलो. तपासणीचा कागद आला. साखर एकशे बारा.

मी विचारलं, एवढी कमी?

"कमी कुठे? चारचौघांची असते तेवढीच आहे. तुझ्या अंगाला तीनशेची चटक लागली, म्हणून त्याला हा उपास वाटतो. थोडे दिवस बोंबलेल, मग गप बसेल. तू त्याचं ऐकू नकोस."

डोस त्यांनी उतरवला आहे. साखर खरोखर उतरली तर घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारतं. तेव्हाची खडीसाखर माझ्या खिशात आहे. ती मी खाईन, मला कळून.

पीठ फेकलं नाही, या साली कुणी धान्य फेकत नाही. अनंतरावांच्या म्हशीला घातलं.

श्रावणात कंधारला यायचं मनात आहे. दारात मला नुसतं पाणी दे, विहिरीत असेल तेवढं. माझ्या हाताला कापरं भरलं तर समोर बस आणि बघ. उठू नकोस. तुला ते जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळव, मी येणार नाही. लिंगाची क्षमा मी माझ्यापुरती मागितली. तुझी तू माग.

आता हात थांबला आहे. या ओळी सरळ आल्या आहेत, बघ.

उपाशी नसलेला,
तुझा भाऊ
वीरभद्र