तासाला अकरा पादचारी

४ फेब्रुवारी, नर्मदा जयंती. सकाळी ९.
महामार्ग पुलावरून चौकात उतरतो, तिथे पादचारी मोजले. दिवस मुद्दाम निवडला. सगळं शहर नर्मदास्नानाला ग्वारीघाटावर, त्यामुळे धक्काबुक्की नाही, शांतपणे मोजता येतं. तासाला अकरा. २०४५ सालचा अंदाज: तासाला चौदा. महामार्ग खात्यातले आमचे साहेब बापूसाहेब खूश.

२० मार्च.
माझ्या आकड्यावर रस्ता ओलांडायची जागा बंद झाली. छातीपर्यंत लोखंडी जाळी! वसुधा भडकली. रोज तिथूनच शाळेत शिकवायला जाते, आता दीड किलोमीटर काहून फिरायचं, म्हणाली. बायकोला स्टॅटिस्टिक्स कळत नाही. सांगितलं, तू अपवाद आहेस.

२२ मार्च.
जाळी दोन ठिकाणी तोडली. समाजकंटक.

२३ मार्च.
वेल्डर पाठवला. त्याचंच डोकं फोडलं. सात टाके.

२८ मार्च. संध्याकाळी ६.
कुंडम गावाहून पत्रावळी विकायला आलेली बाई जाळीवरून उतरली आणि तिला स्कूटरने उडवलं. मांडीचं हाड मोडलं. लोकांनी स्कूटरवाल्याला तुडवलं, स्कूटर जाळली. मग पोलिसांनी सगळ्यांना झोडपलं. मी पानठेल्याआडून मोजले: दोनशे सहा. पण ते बघे. बघ्यांना पादचारी धरत नाहीत.

२९ मार्च.
बापूसाहेबांनी विचारलं, पुन्हा मोजून पाहायचं का? म्हटलं, आकडा बरोबर आहे, लोक चुकून राहिले. फार राग येतो मला या लोकांचा.

२ एप्रिल.
ठरलं. उद्या स्वतः काठी घेऊन उभा राहणार. एका दिवसात वळण लावतो.

३ एप्रिल. सकाळी १०. (डाव्या हाताने लिहितोय, उजवा सुजलाय.)
पाच मिनिटांत साठजण चढले. एक हात जाळीवर आला, त्यावर सणसणीत काठी हाणली. हात वसुधाचा निघाला. तिने दुसऱ्या हाताने स्टीलचा डबा तोंडावर मारला. दोन दात गेले. मग बाकीच्यांनी सुरुवात केली. भैया, बस करो, असं मी शंभरदा म्हणालो. शेवटी जाळीवरून उडी मारून पळालो. पलीकडून बोलेरो येत होती.

६ एप्रिल. हॉस्पिटल.
दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये. डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखं चालणं आता विसरा. वसुधा मोडलेलं मनगट गळ्यात बांधून माहेरी गेली, बालाघाटला. परत येणार नाही, असं नर्सजवळ सांगून गेली.
नोंद: चौकातले पादचारी दोनने कमी. अंदाज खरा ठरायला लागला.