तांबडे कल्ले

आये, तू असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस. सांगलीत लोक मासे बघायला येतात. खायला नाही, विकत न्यायला नाही, नुसते बघायला. काचेला नाक लावून उभे राहतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि घरी जाऊन वांग्याची भाजी खातात. आणि ते मासे दाखवणाऱ्यांच्या रांगेत गळ्यात ओळखपत्र अडकवून, इस्त्रीची साडी नेसून तुझी लेक उभी असते. सगळे मला 'माशांच्या मॅडम' म्हणतात. तुला लोक नुसतं 'मासळीवाली' म्हणायचे. तेवढा फरक मिळवायला मी सगळं आयुष्य खर्ची घातलं, असं समज. पण परवाच्या रविवारी मी जे केलं ते तुला सांगायचं आहे आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

कराडच्या मंडईतली तुझी जागा मला आजही डोळे मिटून दाखवता येईल. नळाजवळचा कोपरा, पुढ्यात ओलं गोणपाट, त्यावर रात्री बाबांच्या जाळ्यात आलेले मरळ आणि चिलापी, बाजूला विळी. वर छप्पर काही नाही. बाकीचे सगळे सावली करून बसायचे, तू मात्र डोक्यावर पदर घेऊन उन्हात. समोरच्या मासेवाल्यानं लाल प्लॅस्टिकचा कागद बांधला होता. त्याच्याखाली सगळंच तांबूस दिसायचं. त्याचा हात, त्याचं धोतर आणि शिळ्या माशाचे पांढरे पडलेले कल्लेसुद्धा. गिऱ्हाईक कल्ला उचलून बघणार, तांबडा दिसला की खुशीत घेऊन जाणार. तू बसल्या जागेवरून ओरडायचीस, "उन्हात आण की त्यो मासा! आण उन्हात!" आणि एक दिवस तू उठलीसच. त्याचा कागद दोन्ही हातांनी ओढून खाली पाडलास. मी शाळेच्या गणवेशात, दप्तर पाठीला, केळ्यांच्या घडांमागे लपले आहे. माझ्या वर्गातल्या मुलीची आई पिशवी घेऊन तिथेच उभी आहे आणि तुझ्या तोंडून निघणारी एकेक शिवी ऐकते आहे. सगळं शांत झाल्यावर तू मला बरोबर हुडकून काढलंस. म्हणालीस, "मी भांडले त्याची लाज वाटली व्हय गं तुला? त्यो लोकास्नी फसवतोय त्याची न्हाई वाटली?" खरं सांगायचं तर मला तुझीच लाज वाटली होती.

तू काही फार सत्यवादी होतीस असं नाही. एसटीत माझं निम्मं तिकीट काढता यावं म्हणून तू किती वर्षं माझं वय चोरलंस! कंडक्टर जवळ आला की मला चिमटा काढायचीस, मी गुडघे वाकवून बुटकी व्हायची. देवाच्या शपथा तर तू जाता-येता घ्यायचीस. पण माशाबद्दल तुझ्या तोंडून खोटं कधी निघालं नाही. "आवं वैनी, आज नगा नेऊ. कालचा हाय. उद्या या, ताजा काढून ठिवते." असं स्वतःच्याच मालाबद्दल सांगणारी बाई त्या अख्ख्या मंडईत दुसरी नव्हती. म्हणून तुझी गिऱ्हाइकं कल्ला उचलून बघायचीच नाहीत. तू म्हणालीस ताजा, की ताजा.

माझ्या लग्नात सासरच्यांनी पाहुण्यांना तुझी ओळख करून दिली ती 'मंडईत असतात' अशी. ऊसवाली माणसं, चारचौघांत त्यांना कसं बरं दिसावं? मंडईत म्हणजे भाजी, असं ज्यानं त्यानं समजून घेतलं. ते वाक्य मला इतकं सोयीचं वाटलं की पुढे मीही तेच वापरत राहिले. तू गेल्यावरसुद्धा. मुलं शिकायला बाहेर पडली, घरात पहिली काचेची टाकी आली, मग दुसरी, मग भिंतभर टाक्या झाल्या. मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात जाऊ लागले, तिथे लोक विचारायचे, मॅडम, हा नाद कुठून लागला? मी सांगायचे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक टाकी होती. तशी टाकी होतीही, आये. तिच्यात पाणी नसायचं, एवढंच.

आता मी प्रदर्शनात ठेवलेल्या जनावराविषयी सांगते. त्याला ॲक्सोलॉटल म्हणतात. दूरच्या देशातला, बेडकाच्या नात्यातला, पण जन्मभर पाण्यातच राहणारा. हातभरसुद्धा नाही. पांढरंशुभ्र पालीसारखं अंग, चार इवलेसे पाय आणि तोंड कायम हसरं. आणि गंमत म्हणजे त्याचे कल्ले डोक्याच्या बाहेर असतात, दोन्ही बाजूंना पिसांसारखे, लालभडक. तुला उचलून बघायचीही गरज पडली नसती. त्याला गार पाणी लागतं. सांगलीच्या उन्हात त्याच्यासाठी मी टाकीवर पंखे लावले होते, फ्रिजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या टाकीत सोडत होते. तू एवढी माया माझ्यावर केली नसशील. क्लबानं प्रदर्शनाच्या फलकावर त्याचाच फोटो मोठा करून लावला होता.

दोन दिवसांचं प्रदर्शन, एका मंगल कार्यालयात. शनिवारी माझ्या टाकीपुढची गर्दी हटत नव्हती. शेजारी एकाने शिंगवाला बेडूक ठेवला होता, पलीकडे ताटाएवढे गोल रंगीत मासे होते, पण लोक इथेच थांबत होते. रात्री हॉलमधली वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. पंखे बंद पडले. सकाळी मी टाकीत हात घातला तर पाणी आंघोळीचं असावं तसं कोमट. आणि तो तळाशी तसाच, हसऱ्या तोंडाने. कल्ले पांढरे. मी बोटाने त्याला हलवायच्या आधीच मला कळलं होतं. हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही, तूच शिकवलं आहेस. फाटकाबाहेर रांग लागली होती, त्यात पोरंबाळं होती, फलकावर त्याचा फोटो होता. एक कापड टाकून टाकी झाकायची, एवढंच करायचं होतं.

आये, मी काय केलं सांगू? टाकीवरच्या दिव्याला रिमोट असतो, त्यावर रंगांची बटणं असतात. मी तांबडं बटण दाबलं. सगळी टाकी तांबूस झाली, कल्लेही झाले. मग पाणी गाळणाऱ्या यंत्राची नळी मी हळूच त्याच्याकडे वळवली. पाण्याच्या धारेनं त्या पिसांची टोकं हलायला लागली. त्याचा जीव जाऊ नये म्हणून मी कधी एवढी हुशारी केली नव्हती. लोक आले, म्हणाले, काय रंग आहे! कुणी विचारलं, हा पोहत का नाही? मी सांगितलं, हा असाच असतो, दिवसभर निपचित पडून राहतो. आणि ते खरंही आहे गं, तो जिवंतपणीही असाच पडून राहतो.

दुपारी एक गृहस्थ आले, फौजेतून निवृत्त झालेले, बरोबर बायको. बराच वेळ वाकून बघत राहिले आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "मॅडम, ह्यो मेलाय वाटतं. हालतंय ते पान्यानं हालतंय." मी हसून तेच निपचित पडण्याचं सांगितलं. ते वाद न घालता निघून गेले, पण थोड्या वेळानं आमच्या क्लबाच्या सेक्रेटरींना घेऊन परत आले. रागानं नव्हे. "ल्हान पोरं बघाय येत्यात, काढून ठेवल्यालं बरं," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "मॅडम, खरं काय ते सांगा. म्हंजे काय करायचं ते बघतो." माणूस चांगला आहे. मी मान हलवली असती तर त्यांनी टाकी गुपचूप आत नेली असती. पण भोवतीचे सगळे आमच्याकडे बघत होते, आणि मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "अहो, माझ्या आईनं कराडच्या मंडईत जन्मभर मासे विकले. मेलेला कुठला आणि जिवंत कुठला, ते मला कळत नाही होय?"

ऐकलंस? लग्नात नाही, क्लबात नाही, मुलांच्या मित्रांपुढे नाही. तुझं नाव पहिल्यांदा चारचौघांत घेतलं ते इथं.

सेक्रेटरी मूळचे कराडचेच निघाले. त्यांनी विचारलं, "कुठं बसायच्या?" मी म्हटलं, नळाजवळ. ते माझ्याकडे बघतच राहिले. "उनात बसायच्या, त्या? आवं, मग आदी सांगायचं की! आमच्या आईनं दुसरीकडनं मासा कदी आणला न्हाई. कल्ला बघायचं काम न्हाई, म्हणायची." मग त्या फौजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सायेब, बिनघोर ऱ्हावा. ह्या घरातलं माणूस माशाबद्दल खोटं सांगायचं न्हाई." आणि त्या बिचाऱ्यानं माझ्यापुढे हात जोडले. "चुकलं माझं, मॅडम. डोळं आता साथ देत न्हाईत." त्यांची बायको मात्र टाकीकडे बघत होती, मग माझ्याकडे, आणि मग नवऱ्याचा हात धरून त्याला पुढच्या टाकीकडे घेऊन गेली. मला वाटतं तिला कळलं होतं. नवऱ्याला विनाकारण हात जोडायला लावल्याचा राग तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

संध्याकाळी लोकांच्या पसंतीचं बक्षीस मलाच मिळालं. फोटोत मी तांबड्या टाकीशेजारी उभी आहे आणि माझा चेहराही तांबडा आहे. दुसऱ्या दिवशी परसात कढीपत्त्याखाली खड्डा काढला आणि त्याला उन्हात धरलं. कल्ल्यांचा पार चिखल झाला होता. असला माल तू गोणपाटावर ठेवला नसतास, मांजराला टाकला असतास. नवऱ्यानं विचारलं, कधी मेला? मी म्हटलं, येताना, गाडीत.

काल सेक्रेटरींचा फोन आला. पुढचं प्रदर्शन कराडला घ्यायचं आहे आणि ते मीच मांडायचं असा त्यांचा आग्रह. फलकावर माझ्या नावाखाली 'मंडईतल्या मासेवाल्या मावशींची लेक' असं लिहायचं म्हणतात. जुनी माणसं तेवढ्यासाठी येतील. माझ्या मनात आलं, तसलाच पांढरा दुसरा पुण्यात मिळतो, त्यालाच तो म्हणून सांगितलं तर कुणाला कळणार आहे? मी त्यांना खरं सांगणार होते, शप्पथ. तोंड उघडलं आणि म्हणाले, गुडघे दुखतात हो हल्ली, नाही जमायचं. एसटीतले तेच गुडघे, आये.

हे पत्र खरं तर त्यांना जायला हवं आणि त्या फौजींना. तुला लिहिते आहे कारण तू उत्तर देणार नाहीस, आणि हे मी कुणालाच पाठवणार नाही हे तुलाही कळलं असेल. सुरुवातीपासून लाज वाटल्याच्या सुरात लिहीत आले खरी, पण एक गोष्ट राहिली. लाज वाटली ती घरी आल्यावर. तिथे, त्या टाकीपुढे, ते हात जोडत होते आणि सगळे माझ्याकडे मानानं बघत होते, तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुझं नाव अजून चालतं, म्हणून.