ऐंशीवी जागा

१२ मे, सोमवार
नगरपालिकेचं पत्र आलं. त्सुनामी आली की चढायच्या मनोऱ्यावर माणसं मावणार ऐंशी. वाडीची मोजदाद मी स्वतः घरोघरी फिरून केली. ऐंशी. बरोब्बर! याला म्हणतात प्लॅनिंग. रहिवासी समितीचा अध्यक्ष म्हणून मला तिसरं वर्ष, पण असं चोख काम याआधी या वाडीत झालेलं नाही.
जेवताना फुमिएला सांगितलं. भात वाढता वाढता म्हणाली, "अहो, स्वतःला धरलंत का?"
धरलं नव्हतं.

१३ मे
एक्याऐंशी. डोंगर चाळीस मिनिटांवर, लाट चौदा मिनिटांवर. एक माणूस जास्त.
निश्चय : जहाजावर कप्तान शेवटी उतरतो. मी खाली थांबेन. लिहिल्यावर फार हलकं वाटलं.

१४ मे
कालचं भावनेच्या भरात लिहिलं गेलं. मी खाली, तर वर शिस्त कोण ठेवणार? विषय मीटिंगमध्ये ठेवतो. अगदी निःपक्षपाती.

१८ मे, रविवार
मीटिंग. अकरा जण. मी म्हटलं, समजा, जागा एकच उरली आणि माणसं दोन आहेत.
निशिमोरी (आमचा सेक्रेटरी. चाळीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात होता, जिभेवरून ते कळतं) म्हणाला, "समजा कशाला? नावं घे की."
पहिलं नाव निघालं वयानं सर्वांत मोठ्या, आमच्या शेजारच्या याएकाकूंचं. एकोणनव्वद. गुडघ्यांमुळे मीटिंगला येत नाहीत.
"आणि दुसरा मोजायचा राहिला तो. म्हणजे तूच," निशिमोरी. हशा.
चिहो, म्हाताऱ्यांच्या डे-केअरची गाडी चालवते ती, म्हणाली, "एक माणूस दाटीवाटीनं उभं राहणार नाही का, काका?" तरुण आहे. तिला नियम समजावला.
ठरलं : गुण द्यायचे. काम माझ्याकडे, कारण दुसऱ्या कोणी हात वर केला नाही.

२० मे
निकष : लाटेनंतर कोण किती उपयोगी.
याएकाकू शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं. वीस गुण. जुन्या विहिरी माहीत, शिवणकाम, वगैरे. एकूण अडतीस.
मी : शेतकरी सहकारी संस्थेतला अनुभव, नेतृत्व, स्वतःच्या पायांनी चढतो. तेहतीस.
काहीतरी सुटतंय असं वाटत राहिलं. दुपारी लक्षात आलं. लाटेनंतर याद्या लिहाव्या लागणार! 'सुवाच्य अक्षर' असा रकाना वाढवला. मला सहा. काकूंची लिहायची सवय गेली आहे, शून्य.
एकोणचाळीस विरुद्ध अडतीस. फरक इतका थोडा, यातच निःपक्षपातीपणा दिसतो.

२१ मे
काकू कुंपणापर्यंत ढकलगाडी धरून आल्या. छोट्या कांद्यांचं लोणचं दिलं. "कात्सु, तुला पहिल्यापासून आवडतं रे."
घास उतरेना. मीठ जास्त असावं. फुमिए म्हणाली, बेताचं आहे.
उद्या काकूंना निकाल स्पष्ट सांगणार. कारभार पारदर्शक हवा.

२२ मे
सांगायला गेलो. चहा झाला. त्यांची पन्हाळ गळत होती, ती दुरुस्त केली. सांगायचं राहिलं.

२६ मे
काकूंचा नळ, सरकता दरवाजा, टीव्हीचा रिमोट. हा शेजारधर्म आहे, दुसरं काही नाही. फुमिए म्हणाली, "आपलं दार वर्षभर कुरकुरतंय, त्यालाही शेजारी समजा."
उद्या नक्की.

३१ मे
यादी पक्की केली. काकूंच्या नावापुढे 'वगळले' लिहिणार होतो. 'राखीव' लिहिलं. शब्द चांगला आहे. रेल्वेतही असतो.
झोप नीट नाही. हवामान.

५ जून, संध्याकाळ
झालं तसं लिहितो.
पावणेतीनला काकूंच्या अंगणात पर्सिमॉनच्या झाडाला शिडी लावून फांद्या छाटत होतो. जमीन हलली. मग भोंगा. पुढचं मला नीट आठवत नाही. मनोऱ्यावर मी पहिला पोचलो. हातात कात्री. पाय अनवाणी.
वरून काकूंचं अंगण दिसत होतं. त्या ओसरीवर बसून हात हलवत होत्या. मला वाटलं, 'जा, जा' म्हणतायत.
मी खाली गेलो नाही.
चिहोनं गाडी वळवली, काकूंना पाठीवर घेतलं आणि शहाण्णव पायऱ्या चढली. माझ्याकडे बघितलं नाही. काकूंच्या हातात माझ्या चपला होत्या. म्हणाल्या, "कात्सु, वर काचा असतील, घाल."
वर माणसं मोजली. सेहेचाळीस. बाकीचे कामावर, गावाबाहेर. झोपायलासुद्धा जागा होती.
लाट आली वीस सेंटिमीटर.
उतरताना माझे पाय उचलेनात. पायऱ्या जाळीच्या, त्यांतून खाली दिसतं. चिहोच्या पाठीवरून काकूंनी माझा हात धरला आणि एकेक पायरीला काहीबाही बोलत राहिल्या. माशांचे भाव, कोणाच्या सुनेचं. अर्धा तास लागला.

६ जून
मोजदादीसाठी अध्यक्षानं आधी पोचणं आवश्यक असतं.
वाचून पाहिलं. खोडलं.

७ जून
गुणांचा कागद घेऊन गेलो. सगळं सांगितलं. काकूंनी चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं.
"स्वयंपाकाला वीसच? तीनशे पोरं जेवायची, कात्सु. तुला दुसऱ्यांदा वाढायचे मी."
मी म्हटलं, काकू, तुम्ही 'जा' म्हणून हात केलात, म्हणून मी...
"नाही रे. 'थांब' म्हणत होते."
मग त्यांनी कागदाची घडी घालून परत दिली. चहा विचारला नाही.

१५ जून, रविवार
मीटिंग. राजीनामा दिला. लोक नको म्हणतील, मग काय बोलायचं ते घरून पाठ करून गेलो होतो. माझं वाक्य संपायच्या आत निशिमोरी म्हणाला, "मंजूर."
चिहो अध्यक्ष. तिनं नवी यादी वाचली. त्यात जागा नाहीत, जोड्या आहेत. कोण कोणाला बरोबर घेणार, एवढंच. चिहोच्या पाठीवर याएकाकू. आणि माझ्या नावापुढे : 'उतरताना घाबरतो. कोणीतरी हात धरून बोलत राहावं. सोबत, कुसुनोसे याए, वय ८९.'
हे लिहिण्याची खरंच गरज आहे का, असं मी विचारलं.
काकूंना आज गाडीतून आणलं होतं. त्या म्हणाल्या, "राहू दे. मला चालेल. मी कोणाला टाकून जात नाही."
कोणी हसलं नाही. सही केली.