जड खोकं

हाउन्सलो

प्रिय प्रणय,

जयभीम. आम्ही इथे मजेत आहोत. थंडी सुरू झालीय, लेकीला नवा कोट घेतला. आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर बोलायचं नव्हतं, म्हणून लिहितेय. तुझ्या जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह आले होते. विकणारा भारतात पाठवत नाही, म्हणून नेहमीसारखे तुझ्या नावाने, माझ्या पत्त्यावर. कॉव्हेंट्रीचे जगदीशकाका दीक्षाभूमीला निघालेच होते, त्यांच्या बॅगेत खोकं दिलं. आपल्या माणसाने दिलेलं कोण उघडून बघतं? त्यांनी विचारलं नाही, मीही उघडलं नाही. पण काचेचे व्हॉल्व्ह एवढे जड कसे रे?

काका पोचले का? फोन लागत नाही. काकू म्हणाल्या, रेंज नसेल. मीही हो म्हटलं.

आईला यातलं काही सांगू नकोस. ताई खुशाल आहे म्हण.

आज त्याच विकणाऱ्याकडून आणखी एक खोकं आलंय, तेवढंच जड. तूच मागवलं असशील. पण या वेळी वर तुझं नाव नाही, आमच्या लेकीचं, तनिषाचं आहे. तिचं नाव त्याला तू सांगितलं असशील, तर पत्र मिळताच एक मिस्ड कॉल दे. बाकी काही बोलू नकोस.

तुझ्या रिंगची वाट बघणारी,
धम्मशीलाताई