शमादानाची वाटणी

अल्लाचं नाव घेऊन मी नफूसा, अब्दुल सत्तार झांजवाल्याची लेक, राहणार मोहम्मद अली रस्त्यामागची गल्ली, कैरो, राजीखुशीने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. याच डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा शमादान तोलून मी अर्ध्या शहराच्या नवऱ्या मांडवात नेल्या, तेव्हा कोणी शंका घेऊ नये. अक्षर वाकडं आहे, कारण लेकीने ते मला म्हातारपणी शिकवलं. ती शाळेत बाई आहे.

एक. घर भाड्याचं, ते माझं नाही.

दोन. शिवणाचं मशीन लेक इख्लासला. सासरी तिने सांगितलं होतं, "आमची आई शिवणकाम करते." अगदीच खोटं नव्हतं, नाचाचे घागरे मीच शिवायचे. तिच्या लग्नात मी शिंपीण म्हणून कोपऱ्यात बसले नि वरातीपुढे भाड्याचा बँड वाजला. बेसूर होता, असो.

तीन. बोटांतल्या पितळी झांजा हिल्मी ढोलकीवाल्याला. त्याने त्या नातवंडांना खेळायला देऊ नयेत.

चार. शमादान. इथे हात अडतो. इख्लासची लेक, माझी नात नूरान, थिएटरात नाचते. मी पाहून आले, टाळ्या पिटून हात सुजले. कंबर माझीच घेतलीय पोरीने! पण ईदच्या जेवणाला मायलेकींची जुंपली, तेव्हापासून अबोला आहे.

इख्लास म्हणाली, "नाचणारीण म्हणून मिरवणार का? कोण करून घेईल तुला?"

"मी कलावंत आहे, आई. मांडवात कंबर हलवणाऱ्या त्या बायका वेगळ्या."

मी म्हटलं, "त्यांतलीच एक समोर बसून द्राक्षाच्या पानांत भात भरतेय."

"आजी, तुला नाही म्हटलं गं!"

"मग कोणाला, माझ्या आईला?"

एकीला मी पाप वाटते, दुसरीला गावठी. हातात कसब असेल त्याला आमच्याकडे उस्ता म्हणतात, नाचाच्या मेळ्याच्या म्होरकीलाही. परवा इख्लास गाडीवाल्या फिक्रीला किती अदबीने म्हणाली, "उस्ता, जरा ब्रेक बघा." मी खिडकीत उभी होते.

तर शमादान नूरानला. वारस नसलेल्याला मालाच्या एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, त्यात तो बसतो, शेखना विचारलंय. मात्र पहिल्यांदा तो डोक्यावर चढेल तो थिएटरात नव्हे, याच गल्लीत, कुठल्याही नवरीपुढे. आता डोक्यावरच्या मेणबत्त्या आपल्या आपल्याला पेटवता येत नाहीत. तो हक्क एकट्या इख्लासचा. दुसऱ्या कोणी काडी लावू नये. दोघी मिळून येणार नसतील, तर शमादान पितळवाल्याकडे मोडीत जावा.

इख्लास, शाळेत जाऊ लागण्याआधी तू स्टुलावर चढून पेटवायचीस. मेणाचा थेंब माझ्या केसांत पडू द्यायची नाहीस. आणि दटावायचीस, "हलू नकोस, उस्ता."

सही : उस्ता नफूसा
(नाव लेकीने शिकवलं. नावाआधीचा शब्द तिने शिकवला नव्हता, तो फिक्रीच्या पाटीवरून उतरवला.)

साक्षीदार : हिल्मी ढोलकीवाला
साक्षीदार : उस्ता फिक्री, गाडी दुरुस्ती

कैरो, ९ फेब्रुवारी २००८