मनुकांचं पाणी

भिंगार,
१२ नोव्हेंबर १९४३

ती. कृपाताईस,
शमुवेलचा सप्रेम सलाम. वि. वि.

तू विचारलंस, ऑफिसरांच्या मेसमध्ये मला आता काय काम. ऐकून हसशील. दारूच्या कोठीची किल्ली माझ्याकडे आली आहे. गोव्याचा म्हातारा आंतोन आजारी पडून घरी गेला. बाकीचे सगळे पिणारे. नेवाशाच्या उपदेशकांचा मुलगा बापाला दिलेला शब्द मोडणार नाही, म्हणून कोठी माझ्या हवाली.

मी चाखत नाही, वास घेतो. बाटल्यांची बुचं खिशात ठेवतो आणि दुपारी एकेक नाकाशी धरतो. स्कॉटलंडच्या व्हिस्कीला ओल्या गोवऱ्यांच्या धुराचा वास येतो. पोर्तुगालची पोर्ट म्हणजे काकवीत शिजलेली जांभळं. स्पेनची शेरी आईच्या लग्नातल्या पेटीसारखी, जुनं लाकूड आणि अक्रोड. जमैकाच्या रमची ओळख कोणी करून द्यावी लागली नाही. बेलापूरच्या साखर कारखान्याजवळ हाच वास असतो. ताई, मी अजून पुणं पाहिलेलं नाही, पण डोळे मिटून स्पेन ओळखतो.

आंतोनने जाताना सांगितलं की दारू कोणी करत नाही, ती होते. गोड रस, ऊब, आणि चार दिवस त्याला कोणी हलवायचं नाही. आधी फेस, मग वास. तो एकदा कळला की विसरता येत नाही.

बाबांना मी ताटं मांडतो एवढंच माहीत आहे. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
शमू


सोलापूर,
३ डिसेंबर १९४३

चि. शमूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेतच उघडलं. बरोबरच्या शिक्षिकाबाईंनी विचारलं, भाऊ कुठे असतो. स्पेनमध्ये, असं सांगणार होते. बुचं खिशात घेऊन घरी जाऊ नकोस. आई कपडे भिजवण्याआधी खिसे उलटते. आणि तुझ्यासाठी स्थळ पाहताना मुलीचा वास घेऊ नकोस म्हणजे झालं.

हसले, पण भीतीही वाटली. बाबांनी घरोघर जाऊन माणसांची दारू सोडवली आहे. रंगनाथ आठवतो ना? रस्त्यात पडलेला असायचा. आज बायको त्याच्यावर घर सोपवून माहेरी जाते. देवळात सगळ्यांमध्ये फिरणाऱ्या प्रभुभोजनाच्या पेल्यात दुसरीकडे द्राक्षांची दारू असते, आपल्याकडे मनुकांचं पाणी असतं ते अशांसाठीच. आई लिहवते की लढाईमुळे नगरच्या बाजारात धड मनुकाही मिळत नाहीत.

बाबांना तूच सांग. दुसऱ्याकडून कळलं तर ते तुझ्यावर रागावणार नाहीत, जेवायचे थांबतील.

प्रकृती जप.
तुझी ताई


नेवासे,
६ मार्च १९४४

चि. शमुवेल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मेसमध्ये दारूची एक बाटली नासली आहे की नाही, यावर पाहुण्यांत वाद झाला. तू वासावरून सांगितलेस. साहेबांनी चाखून सांगण्याचा हुकूम केला आणि तू घोट घेतलास. हे लपवले नाहीस, बरे केलेस. चव आवडली असेही लिहिले आहेस. ते न लिहितास तर मला सोपे गेले असते.

लढाई चालू असता ते तुला सोडणार नाहीत, हे समजते. साहेबांपुढे तुझे चालत नाही. मंडळीपुढे माझेही चालत नाही. याच कारणासाठी मी ज्यांना प्रभूच्या मेजापासून दूर बसवले, त्यांच्यादेखत माझ्या मुलाला जवळ कसे बसवू?

पुनरुत्थानाच्या सणाला घरी ये. मागच्या बाकावर बस. पेला तुझ्याकडे येणार नाही.

आई वाट पाहते. मीही पाहतो.

तुझा पिता,
विल्सन


भिंगार,
११ एप्रिल १९४४

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

सणाच्या सकाळी पोचलो, तेव्हा घंटा झाली होती. मागे दाराशी बसलो. बाबांनी पेल्यावरचं फडकं काढलं आणि वाऱ्याबरोबर तो वास आला. आधी वाटलं, खिशात बूच राहिलं. खिसे रिकामे होते.

बाबांनी पहिला घोट घेतला आणि थांबले. मला वाटलं, कळलं. पण त्यांना कशावरून कळणार? पेला पुढे गेला. पुढच्या बाकावरची बायडाबाई नंतर बाहेर सांगत होती की यंदा प्रभू लई ऊब घेऊन आला. रंगनाथने मात्र पेला हातात धरून ठेवला. बाबांकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. मग घोट घेतला. लहान नव्हता.

घरी आईला विचारलं. मनुका जुन्या, खडे झालेल्या. एका रात्रीत फुगेनात, म्हणून तिने मंगळवारीच मडकं चुलीमागे उबेला ठेवलं. वर फेस आला तो तिला मनुकांचा मळ वाटला. रोज चमच्याने काढून टाकत होती.

सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा आत आले. तिला म्हणाले की इतक्या वर्षांत असं पाणी झालं नव्हतं. आईच्या हातचं काही त्यांनी वाखाणलेलं तू कधी ऐकलं आहेस? तिने पदराने तोंड पुसलं. मी पिशवी उचलून निघालो.

सांगितलं तर बाबा पुन्हा पेला हातात धरणार नाहीत. नाही सांगितलं तर रंगनाथ आहे. ताई, तू सांग. उलट टपाली लिही.

शमू


सोलापूर,
२ मे १९४४

चि. शमूस,
आशीर्वाद.

उशीर झाला. लिहिलं आणि फाडलं. आईला कळवावं, तर तिची पत्रं बाबाच वाचून दाखवतात. सुट्टी लागली की मी जाईन. जाऊन काय बोलेन, माहीत नाही.

ताई


नेवासे,
८ मे १९४४

चि. शमुवेल यास,
अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम. सणाच्या दिवशी तू न जेवता निघून गेलास. आईने भाकरी झाकून ठेवली होती.

एक समाधानाची गोष्ट कळवतो. त्या दिवसापासून मंडळीत नवा उत्साह आहे. रंगनाथ दर रविवारी सर्वांच्या आधी येऊन बसतो आणि पुढचे प्रभुभोजन केव्हा, म्हणून विचारतो. इतकी ओढ त्याच्यात मी पूर्वी पाहिली नव्हती. म्हणून आता ते दर महिन्याला ठेवण्याचे ठरवले आहे. आईला सांगितले आहे की पाणी याच रीतीने करत जा.

तू परदेशच्या पुष्कळ बाटल्यांचे वास घेतलेस. या पेल्यात काय आहे, ते मागच्या बाकावरून तुला कळणार नाही. ते कळावे, एवढेच तुझ्यासाठी रोज मागतो.

तुझा पिता,
विल्सन