सातव्या ओळीतली खिडकी

बालाघाट, २२ नोव्हेंबर १९६४

चि. घनश्याम यास जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? शाळेत मफलर काढत जाऊ नकोस. उघड्या गळ्याचा मास्तर काही जास्त हुशार दिसत नाही. मी बरी आहे. ह्यांना, तुझ्या भाटव्यांना, जाऊन आठ महिने झाले. जेवताना अजून दोन ताटं घेते आणि एक परत ठेवते, एवढंच.

मे महिन्यात घर छपराला आलं, पण चुलीजवळची भिंत सपाटच. खिडकी ठरली होती, असं मी म्हटलं. करारनाम्यात नाही, असं ठेकेदार शालिकराम म्हणाला. (भाटवे म्हणायचे, खिडकी असली म्हणजे तुझ्या डोळ्यांतलं पाणी धुराचं की माझ्या बोलण्याचं ते तरी कळेल. आता तर ते कळायलाच हवं.) दोन दिवसांत गिलावा व्हायचा होता, म्हणजे खिडकी कायमची गेली असती. म्हणून शेजारच्या मैनाबाईंना साक्षीला बसवलं आणि कागद शालिकरामच्या हाती दिला. त्यानं घसा साफ करून दोन दरवाजे, कवेलूचं छप्पर, सगळं घडाघडा वाचलं. बोट मात्र सारा वेळ भाटव्यांच्या सहीवर. गुळाच्या पुड्यांचे कागद वाचत मी अक्षरं शिकले, तेव्हा माझंही बोट असंच भलतीकडे असायचं, म्हणून लगेच ओळखलं. (मैनाबाईंना सांगितलं नाही. त्यांना सांगणं म्हणजे दवंडी.) मग मी कागद घेतला आणि सावकाश वाचलं : सातवी ओळ, चुलीजवळ एक खिडकी, दोन हात रुंद.

"हौ बाई, माह्या ध्यानातूनच गेलतं," तो म्हणाला.

"मंग आता काहून वाचलं नाही? घडाघडा वाचून राह्यलता ना?" मैनाबाईंनी टोचलंच.

त्यानं स्वतः भिंत फोडली. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला संध्याकाळी अक्षरं शिकायला बोलावलं. धूर सरळ बाहेर जातो. रोज चूल पेटवताना त्याचे उपकार मानते. पाणी अजून येतं, पण कशाचं ते आता माहीत असतं.

तुझी बहीण दुर्गाबाई

ता. क. सातव्या ओळीत खिडकी नाही. कुठल्याच ओळीत नाही. भाटवे बोलले खूप, लिहायचं राहिलं. शालिकराम झपाट्यानं शिकतोय, म्हणून करारनामा सोबत पाठवते. तुझ्या पेटीत तळाशी ठेव. गुळाचे कागद संपले, तेव्हा पहिलीचं पुस्तक पाठव.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी तो आला. करारनामा खाटेवरच होता. त्यानं उचलला, ओळी मोजल्या, सातवीवर बोट ठेवून शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं. मान वर करून खिडकीकडे पाहिलं. "हाये बाई, खिडकी हाये," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. कागद पाठवत नाही. पुस्तक पाठव, पण पहिलीचं नको, दुसरीचं.